सामंजस्य म्हणजे करार नव्हे!

जुलै १९७२. ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी भारताच्या हाती होते. तरीही जवानांनी रणांगणावर मिळविलेले सिमल्याच्या मेजावर गमावले गेले. नियंत्रणरेषेलाच कालांतराने सीमा मानण्यास भुट्टोंनी तोंडी संमती दिली होती, असे इंदिराजींचे सचिव पी. एन. धर यांनी १९९५ साली लिहिले. पाकिस्तानने ते साफ नाकारले. ती तडजोड राष्ट्रहिताची नव्हतीच. पण जे कागदावर नाही, ते नाकारण्यास कितीसा वेळ लागतो?

लेखी करारही मोडतात, असे कोणी म्हणेल. पहलगामनंतर, एप्रिल २०२५ मध्ये, भारताने १९६० चा सिंधू करार स्थगित केला. पण जाहीरपणे, कारण देऊन. तोंडी शब्द मात्र निमूटपणे विरतो.

खानदेशाने हा धडा घरीच गिरविला आहे. मनमाड-धुळे-इंदूर रेल्वेमार्गाचा ‘सामंजस्य करार’ ऑगस्ट २०१८ मध्ये झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटी रुपयांसह, उजाडली ती २ सप्टेंबर २०२४ रोजी! सामंजस्यात सदिच्छा असते, बंधन नसते. त्याला ‘करार’ म्हणणे ही जनतेची दिशाभूल होय.

१० मे २०२५ रोजी भोपाळला तापी महापुनर्भरणाच्या कागदावर दोन्ही राज्यांच्या सह्या झाल्या. योजना स्वागतार्हच आहे. पण जळगावकरांनी हारतुऱ्यांआधी तीन प्रश्न विचारावेत: निधी कोणाचा? मुदत कोणती? आणि शब्द मोडल्यास उत्तरदायी कोण?