न्हाणीघरात लोकरीचा गालिचा: आत की दाराबाहेर?

डिसेंबर लागला की नागपुरात रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने सजतात आणि घराघरांत फजरच्या वुजूची कुरकुर सुरू होते. पाणी गीझरने गरम होते, पण फरशीचे काय? पहाटे साडेपाच-पावणेसहाला टाइल्सवर पाय ठेवला की कळ थेट गुडघ्यापर्यंत जाते. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस आपल्या शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्या दिवसांत घरातल्या दादी-नानींनी वुजू कसा केला असेल, हे त्यांनाच विचारावे.

या हिवाळ्याच्या तोंडावर तीन भगिनींनी मला एकच प्रश्न विचारला. परदेशी घरांच्या फोटोंत न्हाणीघरात मऊ लोकरीचे गालिचे अंथरलेले दिसतात. आपणही तसे घातले तर चालेल का? लोकर पाण्याने खराब होते का? आणि त्यावर शिंतोडे उडाले तर पाकी-नापाकीचे काय?

उत्तर आधी सांगते, कारण नंतर सविस्तर बोलायचेच आहे. लोकर उत्तम आहे. पण आपल्यासारख्या घरांत तिची जागा न्हाणीघराच्या आत नाही, दाराबाहेर कोरड्या जमिनीवर आहे.

फरशी गार का लागते?

वर्गात मी मुलांना एक साधा प्रयोग करायला लावते. एका हातात कंपासपेटीचे धातूचे झाकण, दुसऱ्या हातात लाकडी पट्टी. दोन्ही रात्रभर एकाच दप्तरात होत्या, म्हणजे तापमान एकच. तरी झाकण गार लागते. कारण धातू हाताची ऊब भराभर ओढून घेतो, लाकूड हळूहळू घेते. टाइल्स, कोटा, संगमरवर यांचेही तेच. खोलीपेक्षा त्या फार गार नसतात, पायाची ऊब मात्र वेगाने शोषतात.

लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून बसते आणि ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के इतकी वाफ किंवा दमटपणा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. दमटपणा शोषताना ती स्वतः थोडी उष्णताही सोडते. म्हणून वुजू करून आलेला पाय लोकरीवर ठेवला की लगेच बरे वाटते.

मग आत का नको?

कारण त्या फोटोंतले न्हाणीघर आणि आपले न्हाणीघर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिकडे टबात किंवा काचेच्या आडोशामागे अंघोळ होते, बाकीची जमीन दिवसभर कोरडी राहते. आपल्याकडे बादली-मग आहे, गुस्ल आहे, लोट्याने इस्तिंजा आहे, कपडे धुणे आहे आणि पाच वेळचा वुजू आहे. पाच-सहा माणसांच्या घरात सकाळी सहा ते दहा फरशीला कोरडे व्हायला वेळच मिळत नाही. ३० टक्के दमटपणा सोसणारी लोकर थेट पाण्यात बसली की ती मर्यादा केव्हाच ओलांडते. मग ती जड होते, कुबट वास मारते आणि खाली लावलेला रबराचा थर भुसभुशीत होऊन सुटू लागतो. मे महिन्यात आपल्याकडे भिजलेली चादर तासाभरात वाळते. पण जुलै-ऑगस्टमध्ये जाड गालिचा दोन-तीन दिवस ओलाच राहतो. पावसाळ्यात नागपूरच्या फ्लॅटमध्ये तो वाळवायचा तरी कुठे?

याहून गंभीर बाब घसरण्याची आहे. ओल्या टाइलवर सुटा गालिचा म्हणजे खाली पाण्याचा थर आणि वर घसरगाडी. माझ्या ओळखीतल्या एका घरी मुलाने कौतुकाने आईसाठी असाच गालिचा आणून आत अंथरला. सत्तरीतली बाई, पहाटेचा अंधार. काठावर पाय पडला आणि गालिचा सरकला. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पण नंतर त्या बाई कोणाचा तरी हात धरल्याशिवाय न्हाणीघरात गेल्या नाहीत. ज्या वयात माणसाला आपली इबादत आपल्या वेळेने, कोणाला न उठवता करायची असते, त्या वयात ही परवड. म्हातारपणी खुबा मोडणे म्हणजे अनेकदा स्वतःच्या पायांवरचे आयुष्य संपणे. म्हणून न्हाणीघरात काय अंथरायचे हा प्रश्न सजावटीच्या आधी सुरक्षिततेचा आहे.

आत हवी ती छिद्रांची, जमिनीला घट्ट चिकटणारी रबरी चटई. ती आठवड्यातून एकदा उचलून खालचा बुळबुळीतपणा घासून काढावा. ज्येष्ठ असतील तर भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा आणि बसून वुजू करण्यासाठी न डगमगणारे प्लास्टिकचे स्टूल हवे. रात्रभर जळणारा छोटा दिवा लावावा. हे सगळे मिळून चांगल्या लोकरी गालिच्यापेक्षा महाग पडत नाही.

पाकीचा प्रश्न

याबाबत भगिनींच्या मनात खूप घालमेल असते, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. वुजू केलेल्या स्वच्छ पायांचे पाणी लागल्याने पायपुसणे नापाक होत नाही. पाय ओला आणि गालिचा पाक असेल तर शंका घेण्याचे कारण नाही. शंकेवर शंका घेऊन रोज पायपुसणे धूत बसणे हा वसवसा आहे आणि त्यात बायकांचेच हात झिजतात.

खरोखर नजासत लागली, उदाहरणार्थ लहान मुलाने लघवी केली, तर गालिचा धुवावा लागेल. हनफी मसलकात न दिसणारी नजासत असेल तर कपडा तीनदा धुऊन दर वेळी पिळायचा असतो. जी वस्तू पिळता येत नाही, ती तीनदा धुवायची आणि दर वेळी पाणी ठिबकायचे थांबेपर्यंत ठेवायची. जाड लोकरी गालिचा याच दुसऱ्या प्रकारात मोडतो. कोकणातली बरीच घरे शाफई मसलकाची आहेत, तिथे तपशील वेगळे आहेत. आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्यावे. पण तीनदा धुणे आणि दर वेळी ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहणे, हे पाण्याने भरलेल्या गालिच्याबाबत एकदा करून पाहा. आत अंथरलेल्या गालिच्यावर हा प्रसंग महिन्यातून चारदा येऊ शकतो, दाराबाहेरच्या गालिच्यावर क्वचित. एवढ्यावरूनही त्याची जागा ठरते.

आणि हा ओला गालिचा उचलणार कोण? कोरडा असताना दोन किलोचा असेल, तर भिजल्यावर तो एकटीने गच्चीवर नेणे सोपे नाही. घरात नवी वस्तू आणताना ती धुणाऱ्या व्यक्तीला आधी विचारावे, असा नियम प्रत्येक घराने करायला हरकत नाही.

आपल्या मातीची लोकर

लोकर म्हटले की आपल्याला काश्मीर आठवते. पण महाराष्ट्राची स्वतःची लोकर आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि बहुधा काळी असते. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूरकडे धनगर मेंढ्या पाळतात, सनगर समाजाचे विणकर त्या लोकरीची घोंगडी विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. आपल्या विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुरमार समाज हेच काम करत आला आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांताच्या जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चांदा भागातल्या या मेंढपाळांची नोंद आहे.

धनगर भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढ्यांमागे फिरतो. मेंढीच्या अंगचे नैसर्गिक तेल लोकरीत उरलेले असते, त्यामुळे सरीचे पाणी बरेचसे ओघळून जाते. मग हीच लोकर न्हाणीघरात का टिकू नये? फरक असा की मेंढपाळाची घोंगडी पाऊस थांबला की वाऱ्या-उन्हात येते. न्हाणीघरातल्या गालिच्याला ना वारा मिळतो, ना ऊन. लोकर पाण्याने मरत नाही, न वाळल्याने मरते.

भाषेचीही एक गंमत सांगते. गालिचा, जाजम, नमदा, सतरंजी हे मराठीतले अंथरुणाचे शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने आलेले आहेत. लोकर ठोकून केलेल्या जाड कांबळ्याला मराठीत बुरणूस म्हणतात, तर अरबीत बुरनुस म्हणजे डोक्यावरून घ्यायचा झगा. कुरआन शरीफच्या सूरह नहलच्या ८० व्या आयतीत जनावरांची लोकर आणि केस यांपासून मिळणाऱ्या घरगुती सामानाचा उल्लेख अल्लाहच्या नेमतींमध्ये आला आहे. जी वस्तू नेमत म्हणून मोजली गेली, ती मोरीत सडू देणे बरे नव्हे.

घेताना आणि वापरताना

सीताबर्डी असो की इतवारी, 'लोकरीचा' म्हणून मिळणारा स्वस्त मऊ गालिचा बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचा असतो. ओळखायची जुनी रीत अशी: काठाचा एक धागा काढून चिमट्याने धरून जाळावा. खरी लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडता येणारी काळी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. कृत्रिम गालिचा वाईट नाही, लवकर वाळतो. फक्त लोकरीचा भाव देऊ नये.

दाराबाहेर दोन टप्पे ठेवावेत. आधी सुती पायपुसणे, जुन्या टॉवेलचे शिवले तरी चालेल. ते पाणी टिपते, रोज बदलता येते, गरम पाण्यात धुता येते. त्यापुढे लोकरीचा तुकडा किंवा दुमडलेली जुनी घोंगडी. घोंगडी कापू नये, कापली की काठ उसवत जातो. खाली न घसरणारी रबरी जाळी घालावी आणि काठ उचललेला राहणार नाही हे पाहावे. टोंक किंवा काश्मीरचा नमदा घरात असेल तर तो इथे मुळीच वापरू नये. तो विणलेला नसून दाबून घट्ट केलेला असतो, वारंवार ओला झाला तर आकार सोडतो.

याचा आणखी एक फायदा. ओल्या पायांनी जानमाजवर उभे राहायची सवय असेल तर सज्द्याच्या जागेपेक्षा पायांची जागा आधी काळी पडते आणि पावसाळ्यात कुबट वास येतो. दाराशीच पाय कोरडे झाले तर जानमाज अनेक वर्षे नवी राहते.

धुण्याचे चार नियम लक्षात ठेवावेत.

पहिला: थंड पाणी आणि सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि गालिचा आटून कडक होतो. असा आटलेला गालिचा पूर्ववत होत नाही.

दुसरा: क्लोरीनचे ब्लीच आणि धुण्याचा सोडा अजिबात नको. केसांप्रमाणे लोकरही केराटिन या प्रथिनाची बनलेली असते आणि क्लोरीनचे ब्लीच तिला अक्षरशः विरघळवते. न्हाणीघर ब्लीचने धुताना बाहेरचा गालिचा आधी उचलून ठेवावा.

तिसरा: पिळू नये. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि सावलीत, वाऱ्यावर, आडवे पसरून वाळवावे. ओला गालिचा दोरीवर टांगला तर स्वतःच्या वजनाने लांबतो.

चौथा: कसर. तिच्या अळ्या लोकर खातात आणि त्यांना अंधार, मळ आणि न हलवलेली वस्तू आवडते. पंधरा दिवसांनी गालिचा उलटा करून झटकावा, ब्रश फिरवावा, थोडे ऊन दाखवावे. होळीनंतर थंडी गेली की स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, सुती चादरीत गुंडाळून ठेवावा. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

पावसाळ्याचे चार महिने लोकरीला सुट्टी द्यावी. तेव्हा सुती पायपुसणेच बरे, आणि तीन-चार असावीत म्हणजे आळीपाळीने वाळतील.

प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एका भगिनीच्या घरी अंघोळीची जागा काचेने वेगळी केली आहे आणि वुजूचे बेसिन कोरड्या बाजूला आहे. अशा घरात कोरड्या बाजूला लहान लोकरी गालिचा चालेल. कसोटी सोपी आहे. शेवटचा माणूस बाहेर आल्यावर तासाभराने फरशीवर कागद ठेवा. कागद ओला झाला नाही तर गालिचा घाला. ओला झाला तर ते पैसे आधी भिंतीतल्या स्टीलच्या दांड्यावर खर्च करा.

आज रात्री इशानंतर एकदा आपल्या न्हाणीघराच्या दारात उभे राहा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या पायांनी आत-बाहेर जाऊन पाहा. काय सरकते, काय ओले आहे, हात कुठे टेकतो, हे लगेच कळेल. पुढच्या महिन्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरबद्दल बोलू. तोवर गीझर सुरू असताना खिडकी उघडी ठेवा.