आधी विचारा, मग रूळ टाका



सह्याद्रीत नवा रस्ता, नवा रूळ किंवा उच्च दाबाची वीजवाहिनी यायची असली, की गावाला त्याची खबर लागते ती झाडांवर नंबर पडल्यावर. गोव्यातल्या मोले आंदोलनाचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. पण त्या कौतुकात एक प्रश्न मागे राहतो. एवढ्या माणसांना मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या मागे धावत का जावे लागले?

भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे हे जंगल आहे. त्यातून तीन प्रकल्प एकदम आखले गेले: कॅसलरॉक ते कुळे रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे चौपदरीकरण आणि गोवा-तमनार ४०० केव्ही वीजवाहिनी. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने डिसेंबर २०१९ ते एप्रिल २०२० या काळात त्यांना हिरवा कंदील दाखवला. यातली शेवटची बैठक टाळेबंदीत, दूरदृश्य प्रणालीवर झाली. त्या दिवसांत माणसांना घराबाहेर पडायची मुभा नव्हती, ग्रामसभा भरत नव्हत्या आणि हजारो झाडांचे भवितव्य ठरत होते.

त्यानंतर गोव्यात जे घडले, ते देशातल्या प्रत्येक वनप्रेमी गटाने अभ्यासण्यासारखे आहे. विद्यार्थी, वकील, जीवशास्त्रज्ञ, चित्रकार असे लोक एकत्र आले आणि त्यांनी सर्वांत आधी सरकारी कागद वाचून काढले. पर्यावरण अहवालांतल्या त्रुटी शोधल्या, शास्त्रज्ञांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्रे लिहिली, चित्रकारांनी तिथली फुलपाखरे, बेडूक, साप रंगवून लोकांपुढे ठेवले. सासष्टीतल्या गावांनी रेल्वेचा संबंध मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशाशी जोडून दाखवला. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे हजारो लोक रुळांवर उतरले. काहींवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले, तरी माणसे हटली नाहीत. एकीकडे रस्त्यावरचा आवाज आणि दुसरीकडे गोवा फाउंडेशनने चालवलेली कायदेशीर लढाई, या दोन्हींची सांगड इथे बसली. एकट्या मोर्चाने हे काम झाले नसते, एकट्या याचिकेनेही नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये दिलेला अहवाल आंदोलकांच्या म्हणण्याला बळ देणारा होता. कॅसलरॉक ते कुळे हा घाटातला रेल्वेमार्ग १८८० च्या दशकात बांधलेला. दर ३७ फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ, त्यामुळे जड मालगाडी जादा इंजिने लावल्याखेरीज वर चढत नाही. अशा ठिकाणी दुसरा रूळ टाकून क्षमता फारशी वाढणार नाही, पण पश्चिम घाटाची नाजूक परिसंस्था मात्र उद्ध्वस्त होईल, असा समितीचा निष्कर्ष होता. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. रेल्वेला सविस्तर अभ्यासानंतर पुन्हा अर्ज करण्याची वाट मात्र मोकळी राहिली.

अशा आंदोलकांना ‘विकासविरोधी’ म्हणण्याची पद्धत आहे. गोव्याला वीज नको का, असा सवालही तेव्हा झाला. त्याचे उत्तर समितीच्याच शिफारशीत आहे. नव्या वीजवाहिनीसाठी अखंड जंगल फाडण्याऐवजी आधीच्या वाहिनीसाठी मोकळा केलेला पट्टा वापरा, असे तिने सुचवले. म्हणजे वीज आणि जंगल दोन्ही राखणारा पर्याय उपलब्ध होता. तो सुचण्यासाठी आधी लोकांना उठावे लागले, हे खरे दुखणे. शिवाय दूधसागर आणि रगाडो या नद्या मोलेच्याच परिसरातून वाहत येऊन खांडेपार नदीला मिळतात. तिच्यावरच्या ओपा प्रकल्पाचे पाणी फोंडा-पणजीत नळाला येते. जंगलाच्या प्रश्नात शहराने का पडावे, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नशिबाने मोलेत रुळासाठी मोठी तोड होण्याआधी न्यायालयाचा निर्णय आला. मुंबईच्या आरेमध्ये तसे झाले नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तेव्हा २,१४१ झाडे पडून गेली होती. न्याय उशिरा मिळाला की नुकसानभरपाईचा हिशेब मांडता येतो, पण जुने झाड त्या हिशेबात परत उभे राहत नाही.

म्हणून प्रश्न कायद्याचा आहे. २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेत पूर्वमंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांची यादी आहे. रेल्वेमार्ग आणि वीजवाहिन्या त्या यादीत नाहीत. यादीत नाही म्हणून मंजुरी नाही, मंजुरी नाही म्हणून जनसुनावणीही नाही. खाणीसाठी जी किमान विचारणा होते, तीही जंगल चिरत जाणाऱ्या रुळासाठी होत नाही. २०२० मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा आला, तोही इंग्रजी आणि हिंदीतच. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सर्व २२ भाषांत तो द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावे लागले. ज्या गावकऱ्याला हरकत नोंदवायची आहे, त्याच्या भाषेत कागद मिळावा यासाठीही कोर्टाची पायरी चढावी लागावी, ही लोकशाहीला शोभणारी गोष्ट नाही.

तिळारी, म्हादई, मोले आणि पलीकडचा काळी व्याघ्र प्रकल्प हा वाघांच्या येण्याजाण्याचा पट्टा आहे. सिंधुदुर्ग, गोवा आणि उत्तर कन्नड या तिन्ही बाजूंच्या लोकप्रतिनिधींनी आता एकत्र येऊन केंद्राकडे स्पष्ट मागणी करावी. अभयारण्यातून किंवा वाघांच्या या वाटेवरून जाणाऱ्या रूळ, रस्ता, वीजवाहिनी अशा प्रत्येक रेषीय प्रकल्पाला जनसुनावणी सक्तीची करा. त्याचा पूर्ण अहवाल मराठी, कोकणी, कन्नड अशा त्या त्या भागाच्या भाषेत ग्रामपंचायतीत दोन महिने आधी ठेवा. वन्यजीव मंडळापुढे प्रस्ताव जाईल तेव्हा ग्रामसभांचे ठराव त्याला जोडलेले असावेत. आणि रेल्वेने कॅसलरॉक-कुळेसाठी पुन्हा अर्ज केला, तर ही पद्धत तिथूनच लागू व्हावी.

— एक वाचक, दोडामार्ग