‘वेबसाइट उघडेपर्यंत रोपं लावणीला येतील!’

सावेडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दर आठ-पंधरा दिवसांनी कॉलेजचं कुणीतरी येऊन बसतं. प्रश्न ठरलेला. ‘दादा, रिअ‍ॅक्ट शिकू की थेट नेक्स्ट? की आता एआय आलंय, तर काहीच नको शिकू?’ त्याच्यामागे दुसरा प्रश्नही ठरलेला. ‘आणि तुम्ही काम मॅनेज करायला काय वापरता? नोशन की ट्रेलो?’

मी लगेच उत्तर देत नाही. चहा सांगतो आणि आधी रोपवाटिकेची गोष्ट सांगतो. तीच आज तुम्हालाही सांगतो. त्यात माझीच फजिती आहे, पण ती ऐकून तुमची वाचली तर बरंच.

राहुरीकडच्या एका रोपवाटिकेचं काम मिळालं होतं. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, झेंडू अशी ट्रेमधली रोपं ते तयार करतात. मालकांची मागणी साधी होती. कोणतं रोप शिल्लक आहे, काय भाव आहे आणि कधी तयार होणार, हे शेतकऱ्याला घरबसल्या कळावं. दिवसभर फोन घेऊन घेऊन माणूस थकतो, तेवढं वाचावं.

मी तेव्हा नुकताच रिअ‍ॅक्ट शिकलो होतो. नवी सायकल मिळालेलं पोरगं दळण आणायलाही सायकलवरच जातं, तसं माझं झालं. पान उघडलं की ड्रोनचा व्हिडिओ. खाली सरकवलं की रोपं डुलत डुलत वर येणार. तीन वेगवेगळे फॉन्ट. ऑफिसच्या वायफायवर सगळं फटकन उघडायचं. मालकांना लॅपटॉपवर दाखवलं, तेही खूश. पहिला हप्ता मिळाला.

आठवड्याने रोपवाटिकेत गेलो. शेडनेटच्या दाराशी एक मावशी उभ्या होत्या. जुना फोन, तडकलेली काच, रेंजची एकच काडी. मालक हौसेने म्हणाले, ‘मावशी, आता आपली वेबसाइट झालीय. त्यात बघा.’ मावशींनी उघडली. पांढरं पान आणि मधोमध गोल गोल फिरणारं चाक. मी मनात आकडे मोजत होतो. तीसच्या पुढे मोजणं सोडून दिलं. मावशी म्हणाल्या, ‘राहू दे बाबा, मी आपली विचारूनच घेते.’ आणि दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी मालकांनाच भाव विचारला.

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, ‘भाऊ, तुझी वेबसाइट उघडेपर्यंत माझी रोपं लावणीला येतील.’

म्हणाले हसूनच, पण दुसरा हप्ता तिथेच अडकला. त्या महिन्याचं खोलीभाडं मी मित्राकडून उसनं घेऊन भरलं.

चुकलं काय होतं? ते पान सात एमबीचं होतं. मावशींना हवा असलेला मजकूर त्यात जेमतेम दोन-तीन केबीचा. बाकी सगळा माझा थाट. शिवाय मी केलं होतं तशा पानात आधी जावास्क्रिप्टची मोठी फाइल फोनवर उतरते, मग फोनचा प्रोसेसर ती वाचून चालवतो आणि त्यानंतर कुठे अक्षरं दिसायला लागतात. माझ्या लॅपटॉपला हे काम डोळ्याची पापणी लवते तोवर जमत होतं. मावशींच्या फोनला ते झेपत नव्हतं.

मग चार दिवस बसलो. साधं एचटीएमएल, थोडं सीएसएस. वर तारीख, खाली तक्ता : रोप, वाण, भाव, कधी तयार होणार. शेवटी एक मोठं बटण, दाबलं की थेट फोन लागतो. सगळं मिळून शंभर केबीच्या आत. त्याच शेडनेटच्या दारात उभं राहून तिथल्या एका कामगाराच्या फोनवर उघडून बघितलं आणि मगच घरी आलो. ‘वॉव’ कुणीच म्हणालं नाही. हप्ता मात्र मिळाला, आणि पुढच्या हंगामात त्याच मालकांनी आणखी दोन कामं आणून दिली.

टूल येतं, टूल जातं

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. काय शिकायचं?

जेक्वेरी २००६ मध्ये आलं. एकेकाळी ते येत नसेल तर नोकरी नाही, असं वातावरण होतं. आता नवीन कामात त्याचं नावही फारसं निघत नाही. फ्लॅशवर लोकांची करिअर उभी राहिली होती. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचा आधार काढून घेतला. गूगलचं अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं, २०२२ उजाडेपर्यंत तेही निवृत्त झालं. रिअ‍ॅक्ट २०१३ पासून आहे, अजून जोरात आहे. पण त्याच्याही पत्रिकेत अमरपट्टा लिहिलेला नाही.

याउलट टिम बर्नर्स-ली यांनी केलेलं जगातलं पहिलं वेब पान बघा. १९९१ चं. सर्नने ते पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवलंय. तुमच्या आजच्या फोनवर ते उघडतं, वाचता येतं, लिंकही चालतात. कारण ते साध्या एचटीएमएलमध्ये आहे आणि ब्राउझरवाल्यांनी जुनं एचटीएमएल मोडू दिलेलं नाही.

दुसऱ्याच्या टूलवर सगळा भार टाकला की काय होतं, याचा एक किस्सा मार्च २०१६ मधला. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा ११ ओळींचा एक छोटासा कोड होता. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या. लिहिणाऱ्याचं एनपीएमशी वाजलं आणि त्याने आपला कोड काढून घेतला. त्या ११ ओळींवर टेकलेले जगभरातले हजारो प्रोजेक्ट अडकले. ज्यांचे अडकले, त्यातल्या अनेकांना आपण तो कोड वापरतोय हे माहीतही नव्हतं.

हेच आपल्या गावात मी २०२४ मध्ये पाहिलं. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि दुकानदारांचे फोन सुरू झाले, ‘साइटवरचं नाव बदलून द्या.’ ज्यांचं नाव साध्या मजकुरात होतं, त्यांचं काम पाच मिनिटांत झालं. ज्यांनी नाव-पत्ता बॅनरच्या चित्रातच बसवला होता, त्यांचे बॅनर नव्याने करावे लागले. सगळ्यात हाल झाले ते कुठल्याशा फुकट टूलवर साइट बनवून घेतलेल्यांचे. बनवणारा पुण्याला गेलेला, पासवर्ड कुणाकडेच नाही. त्यांच्या साइटवर अजून जुनंच नाव आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. आधी सहा महिने एचटीएमएल, सीएसएस आणि साधं जावास्क्रिप्ट हातात बसू द्या. त्यानंतर रिअ‍ॅक्ट जरूर शिका. बुकिंग, हिशेब, सतत बदलणारा डॅशबोर्ड अशा कामांत ते खरोखर उपयोगी आहे आणि नोकरीच्या जाहिरातींतही तेच मागतात. मीही वापरतो. फक्त रोपांच्या भावाचा तक्ता दाखवायला वापरत नाही.

आपल्या अक्षरांचं काय?

आता जी गोष्ट सांगतोय, ती मला कुठल्याही कोर्सने शिकवली नाही.

बहुतेक टेम्प्लेट इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनतात. इंग्रजी शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांमध्ये थोडी जागा सोडलेली असते. तेच सेटिंग मराठीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं असतं. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो.

एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये पानाची भाषा सांगायची असते. टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजीचा कोड आधीच भरलेला असतो आणि आपण तो तसाच ठेवतो. मग दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर आपलं मराठी पान इंग्रजी समजून वाचायला जातो आणि त्याला धड काहीच ऐकू येत नाही. तिथे मराठीचा दोन अक्षरी कोड टाकला की स्क्रीन रीडरला कळतं, हे मराठी आहे. इतकंच काय, काही फॉन्टमध्ये तेवढ्यानेच ल आणि श हिंदी वळणाचे दिसायचे थांबतात आणि आपण शाळेत गिरवलेला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसायला लागतो. बदल फक्त दोन अक्षरांचा!

फॉन्टचंही तसंच. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड असते. एका पानावर असे तीन फॉन्ट लावले की मावशींचं चाक फिरायला लागलंच म्हणून समजा. एक फॉन्ट, फार तर दोन जाडी. एवढ्यात भागतं.

ज्या जिल्ह्यातल्या नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या पोरांनी तरी मराठी पानाची भाषा मराठी लिहावी की नाही?

कामाची तयारी की काम?

आता दुसरा प्रश्न. नोशन की ट्रेलो?

एक कबुली देतो. एका रविवारी सकाळी मी नोशन उघडलं आणि ठरवलं, आता शिस्त. प्रत्येक क्लायंटला वेगळा रंग, प्रत्येक कामाला लेबल, वर आयकॉन, कोपऱ्यात सवयींचा तक्ता. रात्री नऊला पाहिलं तर बोर्ड इतका सुंदर झाला होता की फोटो काढून मित्रांना पाठवला. सोमवारी सकाळी द्यायचं काम मात्र सुरूही झालं नव्हतं. दिवसभर मी खूप काम केल्यासारखा दमलो होतो. यातला धोका हाच आहे. आळस केला की निदान मनाला टोचतं. बोर्ड सजवताना टोचतही नाही.

पोमोडोरोचं अ‍ॅप तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये असेल. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटलीतल्या एका कॉलेजच्या पोराने काढली. त्याचा अभ्यास होत नव्हता. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेतलं आणि ते वाजेपर्यंत पुस्तक सोडायचं नाही असं ठरवलं. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो! संगमनेरच्या टोमॅटोवाल्यांना हे सांगितलं तर खूश होतील. त्याच्याकडे ना अ‍ॅप होतं, ना महिन्याची वर्गणी. आज आपण त्याच टोमॅटोची आठ अ‍ॅप उतरवून कोणतं चांगलं, याचे व्हिडिओ बघत बसतो.

मी आता तीनच गोष्टी ठेवल्यात. क्लायंटला डिझाइन दाखवायला फिग्मा, कारण आधी चित्र पाहून घेतलं की पुढची भांडणं टळतात. कोड सांभाळायला गिट, कारण काल चालणारं आज मोडलं तर मागे जाता येतं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये केलेलं हे टूल मात्र पहिल्याच वर्षाला शिका, त्यात मागे-पुढे बघू नका. आणि तिसरी गोष्ट, वही. सकाळी त्यात आजची तीन कामं लिहितो. संध्याकाळी खोडतो. खोडली गेली नाहीत तर उद्या पुन्हा लिहितो. एकच काम सलग तीन दिवस लिहावं लागलं की लाज वाटते आणि ते होतं.

आणि एआय?

भीती खरी आहे. मी उगाच धीर देणार नाही. जे पान करायला मला पूर्वी दोन दिवस लागायचे, ते आता एआय काही मिनिटांत लिहून देतं. नवख्या पोरांना जी छोटी छोटी कामं मिळायची, त्यातली बरीच यामुळे कमी होतायत.

गेल्या महिन्यात मी एआयकडून एक मराठी पान करून घेतलं. दिसायला झकास. उघडून बघितलं तर भाषेच्या जागी इंग्रजीचाच कोड, शीर्षकात अक्षरांमध्ये जागा सोडलेली, शिरोरेषा तुटलेली. मला ते दिसलं, कारण मी आधी चुकलो होतो. ज्याने कधी हाताने पान केलेलंच नाही, त्याने ते तसंच क्लायंटला दिलं असतं. एआयला मी सांगितलं, त्याने दुरुस्त केलं. पण काय सांगायचं, हे मला माहीत असावं लागलं. शेडनेटच्या दारात एकच काडी रेंज असते, हेही त्याला मीच सांगायचं. इथे राहणाऱ्याला ते ठाऊक असतं, आणि तुम्ही इथेच राहता.

म्हणून या रविवारी एक करून बघा. तुमच्या घरातल्या कुणाला तरी खरोखर लागणारं एक पान बनवा. वडिलांच्या दुकानाचं, आईच्या बचतगटाचं, गावातल्या वाचनालयाचं. फ्रेमवर्क नको, टेम्प्लेट नको. क्रोममध्ये नेट मुद्दाम हळू करून बघायची सोय आहे, ती लावून तपासा. मग ज्याच्यासाठी बनवलं, त्याच्या हातात त्याचाच फोन देऊन शेजारी गप्प बसा. कुठे बोट अडतं, कुठे कपाळाला आठी पडते, ते वहीत लिहा.

आणि मग या आमच्याकडे, चहा मी सांगतो. ‘दादा, रिअ‍ॅक्ट शिकू का?’ जरूर विचारा. फक्त येताना घरातला सगळ्यात जुना फोन सोबत आणा.