अनुभव सांगा, पाठांतर नको

एमबीबीएस आणि इंटर्नशिप आटोपलेली मुले बडनेऱ्याच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न घेऊन येतात. "सर, कंत्राटी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मुलाखतीत 'एखादी कठीण केस सांगा' म्हटले, तर काय बोलावे?"

माझे मत असे, की पुस्तक घडाघडा म्हणून दाखवू नये. प्रत्यक्ष पाहिलेला एकच रुग्ण निवडावा. समजा, घोणस चावलेला. तो केव्हा आला, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवलेले रक्त गोठले की नाही, प्रतिविष कोणी सुरू केले, पुढे काय झाले, हे क्रमाने दोन मिनिटांत सांगावे. निर्णय वरिष्ठांचा असेल तर तसे म्हणावे. 'मी सलाइन लावली, रात्रभर नाडी पाहिली' हेही कमी नाही. रुग्ण दगावला असेल तरी लपवू नये. त्याचे नाव-गाव मात्र सांगू नये.

उसना अनुभव दुसऱ्याच उपप्रश्नात उघडा पडतो. न पडला, तर अधिक वाईट. धारणी-चिखलदऱ्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री हाच डॉक्टर एकटा असू शकतो. मण्यार चावलेल्याच्या पापण्या जड होऊ लागल्या, की तिथे थापा कामी येत नाहीत.

म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनाही विनंती आहे. व्याख्या कमी विचारा. 'तेव्हा तुम्ही स्वतः काय केले?' हे जरूर विचारा. 'माझ्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून उपचार सुरू करून वेळेत पुढे पाठवले' असे सांगणाऱ्याचे गुण कापू नका. मेळघाटातल्या रुग्णाला असाच डॉक्टर हवा आहे.