व्हेंटिलेटरवर नव्हे, आकड्यांवर बोला

"व्हेंटिलेटर लावला म्हणजे माणूस गेलाच, पुढचं सगळं बिलासाठी." नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून त्र्यंबक रोडपर्यंत कुठल्याही आयसीयूबाहेर हे ऐकू येतं. 2016च्या 'व्हेंटिलेटर' सिनेमातही काका मशीनवर गेल्याचं कळताच सगळा गोतावळा जमतो. बिलाबद्दलचा संशय अगदीच अनाठायी नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे.

मशीन लावतात ते मुळात अत्यवस्थ माणसालाच. त्यातले काही दगावतात ते आजाराने. हृदयाचा डावा कप्पा थकला की रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांत पाणी भरतं, रुग्णाला आडवंही होता येत नाही. श्वास ओढण्याच्या धडपडीत दमलेलं हृदय आणखी दमतं. मशीन ते कष्ट स्वतःकडे घेते. श्वास सोडल्यावरही ती फुप्फुसांत थोडा दाब राखते. आयसीयूत त्याला 'पीप' म्हणतात. त्याने फुप्फुसं उघडी राहतात आणि डाव्या कप्प्यावरचा भार हलका होतो. म्हणजे हा हृदयावरचाही उपचार झाला.

"मग मशीनं आणून बसवा की!" हे दुसरं टोक; उद्घाटनाची फीत कापणाऱ्यांचं लाडकं. तेही टिकत नाही. झटका उजव्या कप्प्याला बसला असेल, तर त्याला परतणारं रक्त भरपूर लागतं. छातीतला दाब वाढला की ते कमी होतं. अशा रुग्णाचा पीप 5 वरून 12 वर नेला, तर बीपी कोसळू शकतं. एकाला तारणारा आकडा दुसऱ्याला बुडवतो.

हवेचं मापही वजनकाट्यावर नाही, उंचीवर ठरतं. 165 सेंटिमीटरचा पुरुष 85 किलोचा असला, तरी त्याची फुप्फुसं साधारण 61 किलोच्या हिशेबाचीच. किलोमागे 6 मिलिलिटर धरले तर एका श्वासाला सुमारे 370; काट्यावरचं वजन धरलं तर 510. अमेरिकेत फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्या रुग्णांवरचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात 12 ऐवजी 6 मिलिलिटरचं माप ठेवल्यावर मृत्यूंचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांवरून 31वर आलं. फरक मापाचा होता.

आणि नुसती मशीन किती पुरते, हे नाशिकने 21 एप्रिल 2021 रोजी पाहिलं. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि 20हून अधिक रुग्ण गेले. व्हेंटिलेटर जागेवरच होते.

म्हणून नातेवाइकांनी "लावू की नको" एवढ्यावर थांबू नये. मशीनमधून दिला जाणारा ऑक्सिजन काल 60 टक्के होता, आज किती? पीप किती, बीपी त्यावर टिकतंय का? मशीन सोडवायची चाचणी कधी? रात्री आकडे कोण बदलणार? याची उत्तरं रोज मराठीत, चार्ट समोर ठेवून देणं रुग्णालयांना बंधनकारक करा. आकडे सुधारत असतील तर धीर धरायला आधार मिळेल. सुधारत नसतील तर थांबायचं कधी, हेही शहाणपणाने ठरवता येईल. बिलावरचा वादही मग अंदाजाने नाही, पुराव्याने घालता येईल.