सगळाच कचरा नसतो

पावसाळा ओसरला, की जबलपूरच्या ग्वारीघाटापाशी आणि तिलवाराघाटापाशी नर्मदेचे पाणी हळूहळू खाली उतरते. मागे काठाकाठाने एक काळपट पट्टा उरतो. त्यात काटक्या, पालापाचोळा आणि उपटून आलेल्या पाणवनस्पती असतात. त्यांतच प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिंध्याही अडकलेल्या असतात. घाटावर येणारा माणूस या सर्वांना एकच नाव देतो – कचरा. परंतु थोडा वेळ थांबून पाहणाऱ्याला त्याच पट्ट्यावर शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षी दिसतो. ओल्या पाचोळ्याखालचे किडे तो वेचीत असतो. माणसाचा कचरा हे त्याचे अन्नछत्र असते.

अमरकंटकपासून सुमारे १३१२ किलोमीटर वाहत जाऊन हीच नर्मदा भडोचच्या पुढे खंबायतच्या आखाताला मिळते. नदीकाठी जे लहान प्रमाणात दिसते, ते समुद्रकिनारी अधिक मोठ्या प्रमाणात घडत असते. कोकणात मालवण, रत्नागिरी या भागांतील खडकांवर समुद्रशेवाळ वाढते. लाटांच्या माऱ्याने ते तुटते आणि भरतीबरोबर वाळूवर येऊन पडते.

वाळूचा किनारा वरवर पाहता निर्जीव वाटतो. लाटांनी सतत हलणाऱ्या वाळूत वनस्पतींना मूळ धरता येत नाही. म्हणून तेथील जीवांना बरेचसे अन्न समुद्राकडूनच मिळावे लागते. शेवाळाची रास हे त्यांचे कोठार असते आणि घरही. दिवसा वाळू तापते, तेव्हा टुणटुण उड्या मारणारे चिमुकले कवचधारी प्राणी त्या राशीच्या ओलाव्यात दडून बसतात आणि रात्री तेच शेवाळ खातात. माश्यांच्या अळ्या आणि भुंगेरेही तेथेच वाढतात. या जीवांवर खेकडे आणि चिखल्यासारखे पक्षी जगतात. उरलेले शेवाळ जीवाणू कुजवितात व त्यातील पोषक द्रव्ये पुन्हा पाण्याला मिळतात. राशीपाशी उडती वाळू अडते, तेथे बी रुजते. पुढे मर्यादवेलीसारख्या वेली पसरून ती वाळू धरून ठेवतात.

ही साखळी तुटली तर काय होते? दक्षिण कॅलिफोर्नियातील किनाऱ्यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जेथे यंत्रांनी शेवाळ नियमितपणे काढले जात होते, तेथे या लहान जीवांच्या जाती कमी आढळल्या. काही किनारपक्ष्यांची संख्याही शेवाळाच्या प्रमाणाशी निगडित असल्याचे दिसून आले.

यावर कोणी म्हणेल, की कुजणाऱ्या राशीला दुर्गंधी येते, माश्या घोंघावतात. मग घाट आणि किनारे घाणेरडेच ठेवायचे काय? हा आक्षेप रास्त आहे. स्नानाच्या पायऱ्या स्वच्छ असल्याच पाहिजेत. मुंबईत वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ साली सुरू केलेली सफाई आवश्यकच होती, कारण तेथे प्लॅस्टिकचे ढीग साचले होते. शेवाळ कुजून जीवांच्या उपयोगी पडते. प्लॅस्टिक कुजत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते जीवांच्या पोटात जातात. तेव्हा स्वच्छता करावी की नाही, हा प्रश्नच नाही. काय उचलावे आणि काय राहू द्यावे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर अवघड नाही. प्लॅस्टिक, काच, चिंध्या, जाळ्यांचे तुकडे हाताने वेचावेत. निर्माल्य पाण्यात न सोडता त्याचे खत करावे. जेथे माणसांची वर्दळ नाही, तेथे शेवाळ आणि पाचोळा तसाच असू द्यावा. सरसकट ओढून नेणाऱ्या यंत्राला हा भेद कळत नाही. माणसाला तो कळू शकतो. शेतकरी गोठ्यातील शेण आणि पाचोळा फेकून देत नाही, उकिरड्यात साठवितो. कारण पुढच्या पिकाचे बळ त्यात आहे, हे तो जाणतो. नदीच्या आणि समुद्राच्या काठाकडेही त्याच जाणतेपणाने पाहिले पाहिजे.