हक्काची रजा की सोडतीतली सहल?

भांडवलशाही कष्टकऱ्याला काहीच देत नाही, असे म्हणणे पूर्णपणे खरे नाही. ती त्याला आशा देते, आणि तीही फुकट. अमेरिकेतील बक्षीस सोडती हे या औदार्याचे ठळक उदाहरण होय. तेथील फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाच्या जोरावर लोळवण्याचा खेळ. त्यातील निवडक नामवंत खेळाडूंचा ‘प्रो बोल’ हा सामना १९५१ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला आणि १९८० ते २००९ अशी तीस वर्षे हवाई बेटांवरील होनोलुलू शहरात भरत राहिला. अशा सामन्याची सहल हे जाहिरातदारांचे आवडते बक्षीस. दोघांचे विमानभाडे, समुद्रकाठच्या हॉटेलात चार रात्री, सामन्याची तिकिटे. अर्ज लाखोंनी भरायचे आणि जायचे एकाने.

या व्यवहाराची कायदेशीर घडण समजून घेण्यासारखी आहे. बक्षीस, दैव आणि मोबदला हे तीन घटक एकत्र आले की अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने ती लॉटरी ठरते, आणि खाजगी लॉटरी हा तेथे गुन्हा आहे. म्हणून कंपन्या तिसरा घटक कागदावरून वगळतात आणि ‘काहीही खरेदी करणे आवश्यक नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत छापतात. पण मोबदला खरोखरच नाहीसा होतो काय? अर्जदार आपले नाव, पत्ता, वय, आवडनिवड स्वहस्ते लिहून देतो, आणि ही माहिती हाच आजच्या बाजारातील मौल्यवान कच्चा माल आहे. विजेत्याला तर बहुधा आपले नाव व छायाचित्र जाहिरातीसाठी विनामूल्य वापरू देण्याची संमतीही द्यावी लागते.

बक्षीस लागल्यावरही हिशेब संपत नाही. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यानुसार बक्षिसाचे बाजारमूल्य हे विजेत्याचे करपात्र उत्पन्न मानले जाते. सहल वस्तुरूपाने मिळते, कर मात्र रोख भरावा लागतो. याच देशात व्यावसायिक फुटबॉल लीगचे केंद्रीय कार्यालय अनेक दशके करमुक्त संस्था म्हणून नोंदलेले होते. टीका वाढल्यावर २०१५ साली त्याने ही सवलत सोडली. संघमालकांचे उत्पन्न करपात्र होते, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही १०० अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे प्रक्षेपण करार २०२१ मध्ये करणाऱ्या लीगचा कारभार वर्षानुवर्षे करमुक्त राहतो आणि फुकटच्या सहलीवर गोदामातील हमाल कर भरतो, यातील विसंगती लपत नाही.

मूळ प्रश्न याहून खोल आहे. चार दिवस समुद्रकाठी घालवणे हे श्रमिकाला स्वप्नवत का वाटावे? कारण अमेरिकेत खाजगी मालकाने कामगाराला भरपगारी रजेचा एक दिवसही द्यावा, असे बंधन घालणारा राष्ट्रीय कायदा नाही. १९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्याने किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला ठरवला. वार्षिक रजा मात्र मालकाच्या मर्जीवर सोडली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील चोविसाव्या कलमाने विश्रांती आणि ठरावीक काळाने भरपगारी रजा हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला. तो जाहीरनामा घडवणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षा अमेरिकेच्याच एलिनॉर रूझवेल्ट होत्या. जो हक्क जगाला सांगितला, तोच देश आपल्या श्रमिकाला सोडतीत वाटतो!

सोडतीच्या रंगीत चित्रात समुद्र असतो, नारळीची झाडे असतात. खोल्या झाडणारे हात नसतात. २०१८ साली वाइकीकी आणि माउई येथील पाच हॉटेलांतील सुमारे २,७०० कामगारांनी ५१ दिवस संप केला. ‘एकच नोकरी पुरेशी असली पाहिजे’ ही त्यांची घोषणा होती. ज्या किनाऱ्यावर चार रात्री राहणे हे इतरांचे परमभाग्य, तेथे आयुष्य काढणाऱ्यांना एका नोकरीत पोट भरता येत नव्हते. मैदानावरील ‘तारा’ही सुरक्षित नसतो. १९९९ च्या प्रो बोलच्या सप्ताहात वाइकीकीच्या वाळूवर नवोदितांचा प्रदर्शनी सामना झाला. पहिलाच हंगाम गाजवलेल्या रॉबर्ट एडवर्ड्‌सचा गुडघा त्यात असा निकामी झाला की पाय वाचेल की नाही अशी वेळ आली. पुढची तीन वर्षे तो लीगच्या सामन्यांपासून दूर राहिला. प्रेक्षकाची करमणूक, प्रायोजकाची जाहिरात आणि श्रमिकाचे शरीर यांचे नाते याहून स्पष्ट कोणते असणार?

कोणी म्हणेल, गरिबाला चुकून मिळालेल्या आनंदावर समाजवाद्यांनी विरजण का घालावे? विजेत्याच्या आनंदाशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. तो आनंद खरा असतो. आक्षेप आहे तो एकाच्या आनंदाने लाखांचे समाधान करण्याच्या युक्तीवर. सोडत प्रत्येकाला एकेकटा करते. दुसऱ्याला न लागो, मला लागो, ही तिची प्रार्थना. संपाची प्रार्थना नेमकी उलटी असते: मिळेल ते सर्वांना मिळो. १९३६ साली फ्रान्समधील कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन प्रचंड संप केला आणि लेऑं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने सर्वांना दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्यांची नावे कोणत्याही पेटीतून काढलेली नव्हती.

भारतानेही हा मार्ग ओळखला होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. विक्री वाढवण्यासाठी योजलेल्या सोडती आणि नशिबाच्या खेळांना मक्तेदारीविरोधी कायद्याच्या १९८४ च्या दुरुस्तीने अनुचित व्यापारी प्रथा ठरवले, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही, नियमांनी दिलेले अपवाद वगळता, हीच व्याख्या कायम ठेवली. कायदा पुस्तकात आहे; सोडती मात्र साबणाच्या वेष्टनापासून क्रिकेटच्या तिकिटांपर्यंत पसरल्या आहेत. आणि ज्यांना त्यांचे आकर्षण सर्वाधिक, त्या ऊसतोड मजुराच्या, घरकामगार स्त्रीच्या, घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या तरुणाच्या वाट्याला रजा म्हणजे बुडालेली मजुरी, एवढाच अर्थ उरला आहे.

म्हणून सोडतीच्या मोहाबद्दल श्रमिकाला उपदेश करीत बसणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. ज्याला हक्क नाकारला गेला, तो दैवाकडे वळणारच. वस्तीवस्तीत, अड्ड्याअड्ड्यावर भरपगारी रजेची मागणी नोंदवणे, ती ठेकेदाराच्या आणि कंपनीच्या दारात नेणे, सरकारला तिची जबाबदारी घ्यायला लावणे, हे खरे काम आहे. समुद्र सर्वांचा आहे. तो पाहण्यासाठी कोणाची चिठ्ठी निघण्याची वाट पाहावी लागू नये.